पंच कुठे राहतो, यापेक्षा पंच कोण नेमतो

वाचकाचे पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळून, संक्षेपाने):

मी मूळचा सांगलीकडचा; गेली १९ वर्षे अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका विद्यापीठाच्या गावात राहतो. इथे आल्यावर क्रिकेट सुटले आणि शनिवारचा कॉलेज फुटबॉल (अमेरिकन पद्धतीचा, सॉकर नव्हे) अंगवळणी पडला. मुलगा आता त्याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे आणि आम्ही दरवर्षी हंगामाची दोन तिकिटे घेतो. यंदा एका महत्त्वाच्या सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत आमच्या संघाचा टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) पंचाने होल्डिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नियमाबाहेर धरून ठेवल्याचा, पिवळा रुमाल टाकून रद्द केला आणि आम्ही हरलो. टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहूनही मला होल्डिंग दिसले नाही. कॉन्फरन्सने (हे सामने भरवणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेने) तीन दिवसांनी दोन ओळींचे निवेदन काढून विषय मिटवला. तेव्हापासून रोज रात्री जुने सामने पाहून मी आमच्याविरुद्ध गेलेल्या चुकीच्या निर्णयांच्या ४७ चित्रफिती जमवल्या आहेत. ठरावीक मोठ्या संघांना पुढे नेण्यासाठी पंच पक्षपात करतात, अशी माझी खात्री झाली आहे. आमच्या समर्थकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या पंचाचे नाव, नोकरीचे ठिकाण आणि फोन नंबर आला आहे. त्याच्या कंपनीला सर्वांनी पत्रे पाठवायची असे ठरत असून मसुदा मी करावा, असा आग्रह आहे. पत्नी म्हणते, खेळ आहे, सोडून द्या. मुलगा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या फ्लॅग फुटबॉल (खेळाडूला खाली न पाडता कमरेची पट्टी ओढण्याचा सौम्य प्रकार) सामन्यांत पंच म्हणून काम करतो. तो हल्ली माझ्याबरोबर स्टेडियमवर येत नाही. "बाबा, तुम्ही जे ओरडता तेच मला मैदानावर ऐकावे लागते," एवढेच तो म्हणाला. जाब विचारणे चूक आहे का? मी काय करावे?

सप्रेम नमस्कार.

जाब विचारणे चूक नाही, हे आधी स्पष्ट सांगते. "खेळ आहे, सोडून द्या" या सल्ल्यामागची तुमच्या पत्नीची काळजी मला समजते, पण तो सल्ला मी तुम्हाला देणार नाही. ज्या सामन्यांच्या प्रक्षेपणहक्कांवर विद्यापीठांना कोट्यवधी डॉलर मिळतात, ज्यांच्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर अनेक राज्यांत कायदेशीर सट्टा लागतो आणि ज्यांत विशीतली मुले आपले गुडघे आणि खांदे पणाला लावून उतरतात, त्या सामन्यांचा न्याय कोण करतो आणि तो चुकला तर पुढे काय होते, हे विचारण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे. मात्र तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, असे मला वाटते. एक आहे पंचाच्या हेतूवरचा संशय आणि दुसरी आहे पंचांच्या व्यवस्थेवरचा प्रश्न. पहिल्यासाठी तुमच्याकडे पुरावा नाही. दुसऱ्यासाठी पुरावा भरपूर आहे, पण तो तुम्ही अजून मांडलेलाच नाही.

तुमच्या ४७ चित्रफितींपासून सुरुवात करू. त्या सगळ्या तुमच्या संघाविरुद्ध गेलेल्या निर्णयांच्या आहेत, असे तुम्हीच लिहिले आहे. त्याच सामन्यांत तुमच्या बाजूने गेलेल्या चुकीच्या निर्णयांच्या किती जमवल्या? हा प्रश्न तुम्हाला कोंडीत पकडण्यासाठी विचारत नाही, कारण ही खोड केवळ तुमची नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत झालेला सामना फार धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक मोडले आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या संघाला दोष दिला. पुढे दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची एकच फिल्म दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाने किती नियमभंग केले, याचे उत्तर प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांकडून सरासरी ९.८ आले आणि डार्टमथच्या विद्यार्थ्यांकडून ४.३. फिल्म तीच होती आणि खोटे कोणीच बोलत नव्हते. अर्थात यावरून त्या शनिवारचा रुमाल योग्य होता, असे मुळीच सिद्ध होत नाही. तो अयोग्य असेलही. पण आपल्याच संघाच्या जर्सीत बसून जमवलेल्या ४७ चित्रफिती पक्षपाताचा पुरावा म्हणून उभ्या राहू शकत नाहीत, आणि कॉन्फरन्सच्या कार्यालयातला कोणीही जाणकार पहिल्या पाच मिनिटांत हेच म्हणून तुमचे पत्र बाजूला ठेवील.

पंचांवरही आजूबाजूच्या वातावरणाचा परिणाम होतो, हे तुमच्या बाजूने सांगायला हवे. इंग्लंडमध्ये ४० पात्र पंचांना सॉकरच्या एका सामन्यातले प्रसंग दाखवण्यात आले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि बाकीच्यांना आवाज बंद करून. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. म्हणजे झुकते माप देण्यासाठी माणूस विकला गेलेला असावा लागत नाही; त्याच्या कानांवर लाखभर लोकांचा आवाज पडत असला तरी पुरते. हे मान्य केले की प्रश्न "हा माणूस कसा आहे" यावरून "या माणसाला कुठे आणि कोणी उभे केले आहे" याकडे वळतो.

येथे थोडे स्वतःविषयी सांगते. मी दहा वर्षे शालेय कबड्डी स्पर्धांत पंच म्हणून उभी राहिले आहे. एका जिल्हास्तरीय उपान्त्य सामन्यात शेवटच्या चढाईत पकड झाली आणि मी चढाईपटूला बाद दिले. पकड करणाऱ्याची टाच त्याआधीच अंतिम रेषेपलीकडे गेली होती, अशी हरकत आली. मी माझ्या जागेवरून जे दिसले त्यावर ठाम राहिले. सामना संपल्यावर मी त्या टोकाला गेले. फक्कीची रेघ एका जागी तुटली होती आणि तिच्या बाहेर, ओल्या मातीत, टाचेचा अर्धगोल ठसा स्पष्ट उमटला होता. मी सरपंचांना (सामन्याच्या मुख्य पंचांना) ते सांगितले, अहवालात लिहून दिले. निकाल अर्थातच बदलला नाही. हरलेल्या संघाचे प्रशिक्षक माझ्याकडे आले तेव्हा मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, त्या टोकाला रेषापंच का नव्हता?" रेषापंच नव्हता, कारण आयोजकांनी पुरेसे पंच बोलावलेच नव्हते. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत दोन्ही टोकांना रेषापंच होते, आणि ते माझ्या अपराधीपणामुळे नव्हे, त्या प्रश्नामुळे होते.

आता तुमच्या खेळात हा प्रश्न कोणता, ते पाहू. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवर मैदानात आठ पंच असतात. बहुतेकांचा उदरनिर्वाह दुसऱ्या नोकरीवर किंवा व्यवसायावर चालतो आणि ते शनिवारी पंचगिरी करतात. नियम राष्ट्रीय पातळीवर एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना करते, परंतु पंचांची निवड, नेमणूक, गुणांकन, बढती आणि शिक्षा हे सारे प्रामुख्याने कॉन्फरन्सच्या हातात असते. कॉन्फरन्स म्हणजे सदस्य विद्यापीठांचीच संघटना. तिचे संघ राष्ट्रीय प्लेऑफमध्ये (अजिंक्यपदाच्या बाद फेरीत) गेले की तिला पैसा आणि प्रतिष्ठा मिळते. म्हणजे ज्याच्या पदरात लाभ पडतो तोच न्यायाधीश नेमतो आणि त्याची परीक्षाही तोच घेतो. यात एकही माणूस अप्रामाणिक नसला तरी ही रचना संशयाला आमंत्रण देणारी आहे. ही गोष्ट खेळाच्या चालकांनाही ठाऊक आहे. म्हणूनच प्लेऑफच्या सामन्यांत दोन्ही संघांच्या कॉन्फरन्सबाहेरचे पंच दिले जातात. डिसेंबर-जानेवारीत जे तत्त्व आवश्यक वाटते, ते ऑक्टोबरमध्ये का नाही, हा तुमच्या पत्रातला पहिला प्रश्न असायला हवा.

या रचनेतून काय घडू शकते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण १६ सप्टेंबर २००६ चे आहे. ओक्लाहोमाचा संघ ओरेगनच्या मैदानावर १३ गुणांनी पुढे होता. शेवटच्या मिनिटांत ओरेगनने एक टचडाउन केला आणि लगेच ऑनसाइड किक (चेंडू पुन्हा आपल्याच हाती यावा म्हणून मारलेली छोटी किक) मारली. चेंडू दहा यार्ड जाण्याआधीच ओरेगनच्या खेळाडूने त्याला नियमाबाहेर स्पर्श केला होता, आणि शेवटी तो ओक्लाहोमाच्या खेळाडूच्या हातात होता. तरीही तो ओरेगनला देण्यात आला आणि रिप्ले पाहूनही निर्णय बदलला नाही. ओरेगन ३४-३३ असा जिंकला. मैदानातले आणि रिप्ले कक्षातले पंच घरच्या संघाच्या पॅक-१० कॉन्फरन्सचे होते. कॉन्फरन्सने चूक मान्य करून त्यांना एका सामन्यासाठी निलंबित केले. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हा सामना नोंदींतून काढून टाकावा अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. आणि रिप्ले पंचाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबा. त्या धमक्या देणारेही स्वतःला अन्यायाविरुद्ध लढणारे समजत असतील. तुमच्या ग्रुपवर आज जो फोन नंबर फिरतो आहे, त्याचा पुढचा प्रवास तुमच्या हातात राहणार नाही. तुम्ही सभ्य भाषेत मसुदा कराल. चारशे जणांच्या ग्रुपमधला एकजण रात्री दोन वाजता फोन करील, दुसरा त्याच्या घरासमोर जाईल. त्या माणसाच्या नोकरीचा आणि त्या रुमालाचा काहीही संबंध नाही. त्याच्या कंपनीला लिहिणे म्हणजे जाब विचारणे नव्हे. ती सूडाची शिक्षा आहे, आणि ती त्याच्या बायकामुलांनाही भोगावी लागते. या एका बाबतीत मी दोन्ही बाजू तोलून पाहणार नाही: मसुदा करू नका, तो नंबर ग्रुपवरून काढायला लावा, आणि काढला नाही तर ग्रुप सोडा. तेथे राहणारा परदेशी वंशाचा माणूस म्हणून कायद्याच्या दृष्टीनेही तुम्ही हा धोका पत्करू नये, हे वडीलकीच्या नात्याने सांगते.

तुमची दुसरी धारणा अशी दिसते की पंचांना कधीच काही होत नाही. तसे नाही. १९९० मध्ये मिसुरीच्या मैदानावर पंचांची मोजणी चुकली आणि कोलोरॅडोला चारऐवजी पाच डाउन (चेंडू पुढे नेण्याच्या संधी) मिळाले. पाचव्यावर त्यांनी टचडाउन करून ३३-३१ असा विजय मिळवला. तो संपूर्ण पंचगट निलंबित झाला. २०१५ मध्ये ड्यूकविरुद्ध मायामीने आठ वेळा चेंडू मागे फेकत शेवटच्या क्षणी जो टचडाउन केला, त्यात पंचांच्या अनेक चुका झाल्याचे एसीसी या कॉन्फरन्सने मान्य केले आणि पंच व रिप्ले पंच दोघांनाही दोन सामन्यांसाठी बाजूला केले. २०१६ मध्ये सेंट्रल मिशिगनला वेळ संपल्यावर एक डाउन चुकून देण्यात आला आणि त्यावर ओक्लाहोमा स्टेट हरले. त्या पंचांवरही कारवाई झाली. तिन्ही वेळा निकाल मात्र कायम राहिला. न्यायालयेही यात पडत नाहीत. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच शालेय फुटबॉलच्या एका प्रकरणात पंचांच्या निर्णयाचे पुनरावलोकन करणे हे न्यायालयाचे काम नाही, असे सांगितले आहे.

निकालाविषयी एक जुनी गोष्ट येथे आठवते. १९४० मध्ये कॉर्नेलने डार्टमथला शेवटच्या क्षणी ७-३ असे हरवले, तेही चुकून मिळालेल्या पाचव्या डाउनवर. फिल्म पाहिल्यावर पंचाने आपली चूक जाहीरपणे कबूल केली आणि तोवर अपराजित असलेल्या कॉर्नेलने तार करून विजय परत केला. आजही त्या सामन्याची नोंद डार्टमथ ३, कॉर्नेल ० अशी आहे. पन्नास वर्षांनी कोलोरॅडोने तसे केले नाही आणि त्या मोसमाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात त्यांना वाटा मिळाला. मला दोन्ही प्रसंगांत पंचाइतकेच विद्यापीठांचे वागणे महत्त्वाचे वाटते. तुमच्या संघाला उद्या असा चुकीचा विजय मिळाला तर तुम्ही कुलगुरूंना तो परत करा असे लिहाल का? उत्तर मला कळवू नका, पण स्वतःला द्या.

खरी उणीव शिक्षेची नाही, उघडपणाची आहे. पंचांची प्रत्येक खेळीवर गुणनोंद होते, प्रशिक्षक दर आठवड्याला शंकास्पद खेळींच्या चित्रफिती कॉन्फरन्सच्या पंचप्रमुखांकडे पाठवतात आणि त्यांना उत्तरही मिळते. परंतु हे सारे बंद दाराआड चालते. जाहीरपणे बोललेच तर दंड होतो. २०२० मध्ये ओल मिसचे (मिसिसिपी विद्यापीठाचे) प्रशिक्षक लेन किफिन यांना पंचांवर टीका करणारी एक पोस्ट पुढे पाठवल्याबद्दल एसईसी या कॉन्फरन्सने २५,००० डॉलर दंड केला. ज्या खेळीवरून वाद होता ती रिप्लेसाठी थांबवायला हवी होती, हे त्याच कॉन्फरन्सने मान्य केले होते. प्रशिक्षकांनी पत्रकार परिषदेत पंचांचे वाभाडे काढू नयेत, हा नियम मला पटतो. पण बोलणाऱ्याचा दंड जाहीर करायचा आणि पंचाच्या चुकीचे मूल्यमापन कपाटात ठेवायचे, हे न्याय्य नाही. शिवाय होल्डिंगसारखा निर्णय रिप्लेच्या कक्षेतच येत नाही, म्हणजे तुमच्या त्या शनिवारी पंचांची इच्छा असती तरी त्यांना तो कॅमेऱ्यावर तपासता आला नसता.

आणि दार उघडले नाही की लोक बाटल्या फेकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्टिनला टेक्सास-जॉर्जिया सामन्यात पास इंटरफिअरन्सच्या (फेकलेला चेंडू घेताना प्रतिस्पर्ध्याला अडवल्याच्या) निर्णयावर प्रेक्षकांनी मैदानात कचरा आणि बाटल्या फेकल्या. खेळ थांबला, पंचांनी पुन्हा चर्चा केली आणि रुमाल मागे घेतला. सुधारलेला निर्णय बरोबर होता, असे अनेक जाणकारांचे मत पडले. विद्यापीठाला २,५०,००० डॉलर दंड झाला. मला त्यातली सर्वांत वाईट गोष्ट ही वाटते की बाटली फेकली की निर्णय बदलतो, हे स्टेडियममधल्या प्रत्येक लहान मुलाने डोळ्यांनी पाहिले.

यावर उपाय नाही असे नाही. तुम्ही क्रिकेट पाहत वाढला आहात, म्हणून हे उदाहरण देते. यजमान देशाचेच पंच असत तेव्हा दौऱ्यावरच्या प्रत्येक संघाला आपण लुबाडलो गेलो असे वाटे. १९८६ मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज यांच्या लाहोर कसोटीत तटस्थ पंच म्हणून दोन भारतीय उभे राहिले, आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. पुढे १९९४ पासून कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे आले. पंचांच्या चुका त्यामुळे संपल्या नाहीत, पण चूक म्हणजे कारस्थान ही भाषा बरीच ओसरली. अमेरिकेतही हालचाल आहे: २०२५ च्या हंगामात एसीसीने काही सामन्यांत रिप्ले कक्षातले संभाषण थेट प्रक्षेपणात ऐकवायला सुरुवात केली.

तेव्हा पत्र जरूर लिहा, पण कॉन्फरन्सच्या आयुक्तांना नव्हे, किंवा केवळ त्यांना नव्हे. चाहत्यांच्या तक्रारींना तेथे औपचारिक स्थान नसते. पत्र तुमच्या विद्यापीठाच्या अध्यक्षांना आणि क्रीडा संचालकांना लिहा. कॉन्फरन्स शेवटी अशा अध्यक्षांच्या मतांवर चालते आणि तुम्ही तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे पालक आहात. एका पानापेक्षा मोठे नको. त्यात पंचाचे नाव नको, पक्षपात हा शब्दही नको. तीन गोष्टी मागा: नियमित हंगामातही महत्त्वाच्या सामन्यांना तटस्थ पंच; दर आठवड्याला चुकलेल्या मोठ्या निर्णयांचा कारणांसह जाहीर अहवाल; आणि पंचांचे मूल्यमापन कॉन्फरन्सबाहेरच्या यंत्रणेकडे. विरुद्ध संघाच्या एखाद्या समर्थकाची सही मिळाली तर त्या पत्राचे वजन दसपट होईल. तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही, मग त्यांचा खेळ कोणताही असो, मी हेच सांगेन की हरकत घेताना दुसऱ्या बाजूचा एक माणूस बरोबर घ्या.

चित्रफिती जोडायच्याच असतील तर आधी एक करा. कोणताही एक जुना सामना, शक्यतो ज्याच्याशी तुमचे काही देणेघेणे नाही असा, आवाज बंद करून मुलाबरोबर पाहा. प्रत्येक खेळीनंतर दोघांनी आपापल्या कागदावर आपला निर्णय लिहायचा आणि मगच पंचाचा पाहायचा. तो तुमच्यापेक्षा जास्त नियम जाणतो; होल्डिंग कुठे उभे राहिले की दिसते आणि कुठून दिसत नाही, हे तो तुम्हाला दाखवू शकेल. कदाचित त्या रुमालाबाबत तो तुमच्याशी सहमतही होईल.

त्याच्या त्या एका वाक्यावर मात्र तुम्ही अजून काही उत्तर दिलेले दिसत नाही. तो तुमच्यावर रागावला नसावा. मैदानावर एकटा उभा असताना त्याला तुमचा आवाज ऐकू येतो, एवढेच तो सांगत असावा. पुढच्या आठवड्यात त्याचा सामना असेल तेव्हा जा, रेषेबाहेर उभे राहा, आणि सामना संपल्यावर त्याला कोणता निर्णय अवघड गेला ते विचारा.

तुमची,
सदर लेखिका